कातळाला घाई नसते

मावळातल्या बेडशाची लेणी इसवी सनपूर्व पहिल्या शतकातली. चैत्यगृहाच्या खांबांवर हत्ती-घोड्यांवर बसलेली जोडपी अजून ऐटीत आहेत. दोन हजार पावसाळे पाहूनही त्या बेसाल्टची माती झालेली नाही. पुरातत्त्ववाले यावर खूश असतील, पण बागवाल्याने जरा हिशेब करावा. कातळाची माती व्हायची वाट पाहिली, तर आपली भेंडी खायला पणतूचा पणतूही पुरायचा नाही. पाचोळ्याचं काम मात्र सहा-आठ महिन्यांत होतं. तरी पवना नदीच्या अंगाने उठलेल्या शनिवार-रविवारच्या बंगल्यांत आधी पाला झाडून पेटवतात, मग ट्रकभर लाल माती आणि पोत्यातलं कंपोस्ट विकत आणतात. पोत्यातलंही कोणाच्या तरी अंगणातला पालाच, फक्त त्याला छापील पिशवी आहे.

पाला पेटवण्यावर तयार उत्तर असतं : मावळातले शेतकरी पाला पसरून राब भाजतातच की! भाजतात, पण भाताच्या रोपासाठी, थोड्या वाफ्यापुरता. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होऊन रोप सहज उपटून येतं, राखेतला पालाश मिळतो. नत्र तिथेही धुराबरोबर जातोच. बंगल्याच्या कोपऱ्यात पेटवलेल्या ढिगावर इंद्रायणी भाताचं रोप कोण टाकणार आहे?

दुसरी मंडळी जीवामृतावर विसंबतात. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांच्या कृतीत 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. वाचताना पिठल्याचा वास येतो, पण कृती गंभीर आहे. फक्त हे विरजण आहे. दूधच नसेल तर नुसत्या विरजणाचं दही कसं लागणार? दूध म्हणजे पाचोळा; तो ढीग रचून कुजवायचा. ढिगाला घाण येते म्हणाल, तर ती ओल्या कचऱ्याची. बादलीभर भाजीच्या सालींवर दोन-तीन बादल्या सुका पाला पडला की वास दबतो. सापांची भीती खरी, पण साप येतो उंदरामागे आणि उंदीर येतो शिळ्या भातामागे. भात आणि हाडं ढिगात टाकली नाहीत, तर दोघांनाही तिथे फारसं काम उरत नाही. एवढं मात्र ऐका : खड्डा खणू नका, जमिनीवरच ढीग रचा आणि जूनच्या आधी वर ताडपत्री घाला. मावळात खड्ड्याची पहिल्याच पावसात विहीर होते.