हवापालट

आपल्याकडे अपमान चटकन होतो, नाला मात्र सावकाश साफ होतो. २००८ साली भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात भल्याभल्या प्रतिजैविकांना न जुमानणारा जंतू सापडला. त्याच्या जनुकाचे बारसे संशोधकांनी राजधानीच्या नावाने केले: ‘एनडीएम-१’, म्हणजे नवी दिल्ली वगैरे वगैरे. २०१० मध्ये त्यावरून दिल्लीत केवढा गहजब! जंतूवरून नव्हे, नावावरून. वैद्यकीय पर्यटन बुडवण्याचा हा कट असल्याचाही शोध लागला. पुढच्याच वर्षी दिल्लीतल्या साचलेल्या-झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ मध्ये तेच जनुक निघाले. म्हणजे बाळ आपल्या गावी सुखरूप होते.

पण पाण्याचे कौतुक किती दिवस करायचे? कानपूर आणि बोलिव्हियातील ला पाझ या दोन शहरांत संशोधकांनी उघड्या सांडपाण्याच्या नाल्यांलगतची हवाच गाळून पाहिली. २०२१ च्या त्यांच्या अहवालानुसार त्या हवेत आतड्याच्या रोगजंतूंची जनुकीय खूण मिळाली. पाणी खळाळते, बुडबुडे फुटतात, सूक्ष्म थेंब उडतात आणि थेंबांवर स्वार होऊन ही मंडळी सहलीला निघतात. आता खूण सापडली म्हणजे लगेच जुलाब लागले असे नव्हे; शास्त्रज्ञ तेवढे सभ्य असतात. पण आजवर ‘हात धुवा, पाणी उकळा’ एवढ्यावर भागत होते. हवा कशी उकळायची, हे आरोग्य खात्याच्या भिंतीवर अजून रंगवलेले नाही.

त्याच कानपुरातला सीसामऊ नाला रोज १४ कोटी लिटर घाण गंगेत सोडत असे. २०१८ मध्ये तो अडवून पाणी शुद्धीकरणाकडे वळवले. चांगले काम झाले, हे मोकळेपणाने म्हणायला हवे. पण आपण तेवढ्यावर थांबतो थोडेच! तिथे लगोलग ‘सेल्फी पॉइंट’ झाला.

आम्हा मुंबईकरांना हसायचा अधिकार नाही. नाला होऊन बसलेल्या मिठी नदीच्या काठी वांद्रे-कुर्ला संकुलात आपण देशातली महागडी कार्यालये थाटली आहेत. हवेची गुणवत्ता सांगणारे फलक लावले. त्यांच्या निर्देशांकात धूळ, ओझोन, शिसे धरून आठ प्रदूषके मोजतात. जंतूंना त्यात जागा नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हवा कायमच ‘समाधानकारक’.

आणि पोट बिघडलेच तर कोपऱ्यावरचा केमिस्ट आहे. अनेक प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय देऊ नयेत आणि त्यांची वहीत नोंद ठेवावी, असा नियम २०१४ पासून आहे. वही आहे, नियमही आहे. ‘दादा, मागच्या वेळच्या त्या पांढऱ्या गोळ्या द्या, दोनच’ म्हणणारे आपणही आहोत. उरलेले औषध मोरीत ओतले की ते नाल्यात पोचते आणि तिथल्या जंतूंची फुकट शिकवणी सुरू होते. शिकलेला धडा ते शेजाऱ्यालाही देतात, जातपात न पाहता.

महापालिकेच्या निवडणुकीत उमेदवार दारात आले की नालाकाठच्या सुशोभीकरणाबद्दल विचारू नका. आपल्या वॉर्डातले सांडपाणी कुठल्या केंद्रात जाते आणि त्यातले रोज किती शुद्ध होते, एवढेच विचारा.