पॅलेटचं जोतं

(रत्नागिरीजवळचं परसू. मे सरत आलेला. माडाखाली चार लाकडी पॅलेटं मांडलेली. त्यांभोवती एक हौशी निवृत्त गृहस्थ आणि एक गवंडी.)

हौशी : मिस्त्री, यांच्यावर पत्र्याची खोली उभी करायची. खोदाई नाही, सिमेंट नाही. पाया तयार!

गवंडी : तयार कसला? नुसता मातीवर ठेवलाय.

हौशी : कारखान्याच्या भंगारात फुकट मिळाली.

गवंडी : आणि टेम्पो?

हौशी : त्याचे बाराशे झाले. पण शिक्का बघा! गव्हाची लोंबी, बाजूला एचटी. म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं. एकावर एमबी होतं, म्हणजे विषारी वायूची धुरी. ते बदलून आणलं. वाळवीचं नाव नको!

गवंडी : आत होती ती कीड मेली. बाहेरची वाळवी काय शिक्का वाचून परत जाते? पापड भाजला म्हणून उघडा ठेवला तर सादळायचा राहतो?

हौशी : मग डांबर फासू.

गवंडी : फासा. पण मृग लागला की पागोळ्या इथेच पडणार. खालच्या फळ्या आश्विनापर्यंत भिजत राहतील. (पॅलेटच्या कोपऱ्यावर पाय देतो. करकर आवाज येतो.) ऐकलंत?

हौशी : उपाय सांगा.

गवंडी : प्रत्येक ठोकळ्याखाली चिरा, पाणसळीत. खाली वारा खेळेल. वाळवी चिऱ्यावरून चढली, तरी तिची मातीची नळी दिसेल. दिसली की मोडायची.

हौशी : झालं तर! चिरे किती?

गवंडी : एका पॅलेटला नऊ ठोकळे. जोडावरचे शेजारी शेजारी येतात, त्यांना एकच चिरा. (बोटांवर मोजतो.) पंचवीस.

हौशी : पंचवीसच ना? मागवा.

गवंडी : चारही मिळून आठ फूट बाय साडेसहा. पंचवीस चिऱ्यांत चारी बाजूंनी जोत्याचा एक अख्खा थर फिरतो, साहेब.

हौशी : (बराच वेळ गप्प) मग हे आधी का नाही सांगितलंत?

गवंडी : तुम्ही आधी टेम्पो बोलावलात, मग मला.

हौशी : आता या पॅलेटांचं करू काय?

गवंडी : जोतं झालं की आत मांडा आणि वर खताची पोती रचा. गोदामात पॅलेटं त्यासाठीच असतात.