बिगुल आणि बखर

हायस्कुलातील जुने सवंगडी एकत्र जमले, की शाळेच्या बँडपथकाच्या स्मृतींना असा काही बहर येतो, की बखरकारांनीही लेखणी खाली ठेवावी. बिगुलाला ना कळ, ना छिद्र. केवळ ओठांच्या ताणावर त्यातून जेमतेम पाच स्वर वाजवायचे, आणि २६ जानेवारीच्या संचलनात तर त्यांपैकी दोनच, तेही फाटके, निघत असत, ही वस्तुस्थिती त्या मैफलीत दाखल करून घेतली जात नाही. ज्याची झांज हमखास उजव्या पावलावर वाजे, तो आता तालाचा खावंद ठरतो. आणि बेस ड्रमच्या पट्ट्याने खांदा सोलून घेतलेले सेवानिवृत्त हेडक्लार्क, कॅनव्हासच्या बुटांना ओला खडू फासल्याची हकिकत सरकारी पंचनाम्याच्या गांभीर्याने कथन करतात. बाकी सर्वांचे जबाब एकाच कलमावर तंतोतंत जुळतात: ध्वजवंदनानंतर बँडवाल्यांना पेढे दोन मिळत.