पावणेतीन किलोंची सहल

आमच्या बिडाच्या तव्याचं वजन पावणेतीन किलो आहे. हे मला रद्दीवाल्यामुळे कळलं. रद्दी तोलून झाली, काटा त्याच्या हातात मोकळाच लोंबत होता, म्हणून मी सहज तवा पिशवीत घालून आकड्याला अडकवला. त्याने आकडा वाचला आणि त्याच दमात भंगाराचा भावही सांगितला. बायकोने काही न बोलता तवा आत नेला. पुढचे दोन दिवस तो मला दिसला नाही.

वजन करण्याचं कारण मेहुण्याने माझ्या वाढदिवसाला दिलेला स्टोव्ह. सहलीला न्यायचा स्टोव्ह. तीन पाय मिटले की मुठीत मावतो, शर्टाच्या खिशात घातला तर खिसा ओघळत नाही. भार जेमतेम शंभर ग्रॅम. खाली २३० ग्रॅम गॅसचा डबा फिरवून बसवायचा, चावी सोडायची, काडी लावायची. "भाऊजी, आता कुठेही बसून चहा!" मेहुणा म्हणाला. तिथेच थांबलो असतो तर हे सगळं घडलं नसतं. पण पंचावन्नाव्या वर्षी माणसाला चहावर भागवणं कमीपणाचं वाटतं. मी म्हणालो, "चहा काय, घावन करू."

घावन म्हटलं की तवा आला, आणि तवा म्हणजे आईचा. तो रत्नागिरीच्या बाजारातून एसटीने आमच्याकडे आला, ही घरातली सगळ्यात जुनी गोष्ट. त्याच्यावर कधी साबण पडलेला नाही. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवायचा आणि तव्यावरून फिरवायचा, ही त्याची आंघोळ. कांदा नसेल तर नारळाची शेंडी. वर्षानुवर्षांचं तेल तापून-तापून त्या काळ्या अंगावर असं बसलंय की तवा ओतताना काळाच ओतला असावा असं वाटतं. खरं म्हणजे आतलं बीड राखाडी असतं. काळं दिसतं ते तीन पिढ्यांचं तेल.

स्टोव्हशी माझं जुनं वैर आहे, हेही सांगायला हवं. लहानपणी घरात पितळी प्रायमस होता. १८९२ साली स्टॉकहोममध्ये लिंडक्विस्ट नावाच्या गृहस्थांनी तो काढला, अमुंडसेन तो घेऊन दक्षिण ध्रुवावर गेला, वगैरे माहिती मला फार उशिरा मिळाली. आमच्याकडे तो मोरीशेजारच्या कोनाड्याच्या पलीकडे गेला नाही, पण थाट मात्र ध्रुवावर जाऊन आल्याचाच. आधी काकडा रॉकेलमध्ये भिजवून पेटवायचा, तो बर्नरला लावून धरायचा, बर्नर तापला की पंप मारायचा. मग तो फुरफुरायचा किंवा काजळी ओकायचा. काजळी ओकला की वडील पिन मारायचे. पिन मोडून आत अडकायची. मग वडील शर्ट काढून बसायचे. रविवारची सकाळ अशी गेल्यावर आई शांतपणे कोळशाची शेगडी पेटवायची आणि आम्ही जेवायचो. नवा स्टोव्ह पहिल्यांदा पेटवला तेव्हा तोच फुरफुराट ऐकू आला आणि माझा हात आपोआप शर्टाच्या बटणाकडे गेला.

पहिला प्रयोग गच्चीवर. शंभर ग्रॅमच्या त्या तीन काड्यांवर पावणेतीन किलोंचा तवा ठेवला, तेव्हा मांडवात टोळाच्या पाठीवर हत्ती बसवल्यासारखं दिसलं. स्टोव्ह डगमगला, पण उभा राहिला. ज्वाला म्हणजे पेढ्याएवढी. पाच मिनिटांनी पीठ ओतलं. मध्ये पेढ्याएवढा काळा डाग, त्याभोवती तपकिरी कडं आणि उरलेलं घावन कच्चं, पांढरं, ओलं. सूर्यग्रहणाचं चित्र म्हणून शाळेत लावता आलं असतं.

मग मी ते पत्रक वाचलं. माझ्या पिढीतले पुरुष पत्रक नंतरच वाचतात. त्यात लिहिलं होतं की या स्टोव्हवर रुंद भांडं ठेवू नये. कारण साधं होतं. डबा थेट ज्वालेच्या खाली असतो. अकरा इंची तवा वर झाकणासारखा बसला की उष्णता उलटी खाली डब्यावर येते, आणि तापलेल्या गॅसच्या डब्याला विनोद कळत नाही. मी हळूच डब्याला हात लावून पाहिला. कोमट होता. खरं तर गॅस सुटत असताना तो गार लागायला हवा. चावी बंद केली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन पैसे भरून दुसरा स्टोव्ह आणला. त्याचा डबा हातभर नळीने बाजूला राहतो आणि पाय जरा रुंद असतात. मेहुण्याला हे अजून सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, त्याचाच आहे.

पण डाग सुटला नाही. त्याचं मूळ तव्यातच होतं. बीड म्हणजे दोन ते चार टक्के कार्बन मिसळलेलं लोखंड. शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळतं, बीड साडेअकराशेच्या आसपासच. म्हणून ते साच्यात ओतता येतं, पण ठिसूळही होतं. आदळलं तर पोचा येत नाही, तडा जातो. आणि उष्णता पसरवण्यात ते महाआळशी. अॅल्युमिनियम त्याच्या चौपटीहून जास्त वेगाने उष्णता कडेला पोचवतं. घरच्या गॅसची ज्वाला रुंद, त्यामुळे हा आळस झाकला जायचा. इथे उघडा पडला. उपाय एकच, मंद ज्वालेवर तवा दहा-बारा मिनिटं नुसता ठेवायचा आणि मधूनमधून सरकवत राहायचं. एकदा तापला की मग तो सहजासहजी निवत नाही. धीराच्या बाबतीत मला किर्लोस्करांचे नांगर आठवतात. लोखंडाने जमिनीला विष लागतं म्हणून शेतकरी सुरुवातीला ते घेईनात. लक्ष्मणरावांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, आणि पुढे तेच नांगर सगळीकडे दिसू लागले. आमच्या गच्चीवर मात्र तेवढा धीर कुणाला नव्हता. बायको म्हणाली, "अहो, पोहे करते."

जानेवारीत भिगवणला जायचं ठरलं. उजनीच्या फुगवट्यावर रोहित येतात ते बघायला. पक्षी मेहुण्याचे, घावन माझं, अशी वाटणी. पीठ घरीच भिजवून सरबताच्या जुन्या बाटलीत भरलं. तवा गोणपाटात गुंडाळला. पुण्याहून पहाटे निघालो आणि उजाडताना पाण्याच्या कडेला पोचलो. समोर खरंच रोहितांची रांग होती, सगळ्यांच्या माना पाण्यात. मला एवढंच दिसलं, कारण त्यानंतर मी खाली बघत होतो.

पाण्यावरून वारा येत होता. ज्वाला आडवी पडायची, निळी व्हायची, विझायची. मेहुण्याला चटई धरून उभं केलं. एका हातात चटई, दुसऱ्या हातात दुर्बीण. दुर्बिणीत रोहित आला की चटई खाली यायची आणि स्टोव्ह विझायचा. बायको गाडीत शाल पांघरून बसली होती आणि दर पाच मिनिटांनी काच खाली करून "झालं का?" विचारत होती. पहिलं घावन तव्याला चिकटलं. पहिलं तव्याचंच असतं, ही आईची सवलत. दुसरंही चिकटलं. तिसऱ्याला सवलत संपली.

"काय करायलेत, दादा?"

मागच्या बाजूला ऊस तुटून गेलेलं रान होतं आणि त्याच्या बांधाला पाचटाच्या तीन-चार कोप्या. तिथून एक म्हातारी कडेवर नातू घेऊन आली होती. टोळी पहाटेच फडात गेलेली, ही पोरं सांभाळायला मागे. तिने चटईवाल्याकडे पाहिलं, दुर्बिणीकडे पाहिलं, मग तव्याकडे.

"न्याहारी," मी म्हणालो.

"इथं वाऱ्यात? तिकडं आडोशाला या की."

कोपीच्या मागे खरंच वारा नव्हता. तिथे तीन दगडांवर तिचा पातळ पत्र्याचा तवा होता आणि खाली वेड्या बाभळीची लाकडं. तिने काटवटीत भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली आणि तवा उतरवून भाकरी निखाऱ्याला उभी टेकवली. भाकरी फुगली. हे सगळं होईपर्यंत माझ्या स्टोव्हची नळी सरळ करणं चाललं होतं.

"लईच जड दिसतोय तुमचा तवा."

"बिडाचा आहे, मावशी."

"बीडचा?" तिचा चेहरा उजळला. "कुण्या गावचा?"

"नाही, म्हणजे... बीड म्हणजे लोखंडाचा एक प्रकार..."

"आमी बीडचेच की. शिरूरचे." माझं धातुशास्त्र तिने बाजूला ठेवलं आणि सुनेला माहेरचं माणूस भेटावं तसा तवा हातात घेतला. मधल्या बोटाच्या पेराने त्याच्या कडेवर टकटक केलं. घंटेसारखा आवाज आला. "नाय, तडा नाय," ती म्हणाली आणि आपला तवा बाजूला ठेवून माझा तीन दगडांवर चढवला.

मग ती गप्प बसली. मी पिठाची बाटली उघडून तयार. ती म्हणाली, "तापू तरी द्या." लाकडं अशी सारली होती की जाळ तव्याच्या सगळ्या पोटाला लागत होता. पेढा नव्हता, परात होती. नातू राखेत काडीने रेघा ओढत होता. मी तेवढ्यात विचारलं, घरून कधी निघालात. दसरा झाल्यावर, म्हणाली. पोरगा आणि सून मिळून एक कोयता, उचल उन्हाळ्यातच घेतलेली, लग्नात गेली. गावाला गॅस आहे का, या माझ्या प्रश्नावर म्हणाली, "हाय की. कुलपात हाय." बराच वेळ गेल्यावर तिने तव्यावर पाण्याचे चार थेंब टाकले. ते मोत्यासारखे नाचत कडेपर्यंत गेले. "आता घाला."

घावन पडलं, जाळी सुटली, कडा आपणहून उचलल्या. उलथन्याने नुसता आधार दिला. दहा घावनं निघाली, एकही चिकटलं नाही. बायको शाल सोडून गाडीतून उतरली. मेहुण्याने दुर्बीण गळ्यात टाकली.

माझ्या स्टोव्हची अब्रू चहाने वाचवली. कोपीच्या आडोशाला तो एकदम गुणी पोरासारखा वागायला लागला आणि चार-पाच मिनिटांत पातेलं उकळलं. "च्या मात्र लगीच," मावशी म्हणाली, आणि केवढ्याला पडला ते विचारलं. मी किंमत निम्मी करून सांगितली. तरी तिने ती मनात कशात तरी मोजली. बहुधा उसाच्या टनात, कारण थोडा वेळ ओठ हलत होते.

तिने घावन खाल्लं. नातवाने दोन खाल्ली. "गोड हाय. मऊ हाय," ती म्हणाली. "पर पोटात नाय राहायचं. बारापर्यंत नाय." आणि आमच्या हातावर एकेक भाकरी ठेवली, वर ठेचा. बायकोने नको-नको म्हणत अर्धी ठेवली आणि मग माझ्यातली उरलेलीही घेतली. मला एरवी असल्या प्रसंगांतून भरून येण्याची सवय आहे, पण ठेचा इतका तिखट होता की डोळ्यांतलं पाणी कशाचं हे ठरवता आलं नाही.

निघताना मेहुणा उत्साहाने तवा नेऊन पाण्यात बुडवायला निघाला होता. गरम बीड आणि गार पाणी! मी ओरडण्याआधी मावशीने त्याच्या हातातून तवा काढून घेतला. फडक्याने पुसला, परत जाळावर धरला, चमचाभर तेल टाकून तेच फडकं फिरवलं, मागे पुढे, कडेने, मागच्या बाजूलाही. काजळी होती ती तेलात मिसळून गेली. तवा हातात धरून ती थोडा वेळ उभी राहिली.

"ठिवता का इथंच? मार्चमधी पट्टा पडंल, कारखाना बंद झाला की घिऊन जा. दहा माणसांच्या भाकरी असतात रोज."

मी उत्तर शोधायला लागलो. पुढच्या महिन्यात परत येणार आहोत, हे खोटं होतं. घरी दुसरा तवा नाही, हेही खोटं. शेवटी म्हणालो, "आईचा आहे, मावशी."

"मंग ऱ्हाऊ द्या," ती लगेच म्हणाली. "आईचा देऊ नाय." आणि गोणपाटात गुंडाळून, सुतळीची गाठ स्वतः मारून, तो तिने बायकोच्या हातात दिला. माझ्या हातात नाही.

स्टोव्ह माझ्या खिशात होता. गाडीत कुणी फार बोललं नाही. मेहुण्याने मध्येच एकूण किती रोहित मोजले ते सांगितलं. तवा बायकोच्या पायाशी होता. पाटसच्या टोलनाक्यावर तिने वाकून गोणपाटाला हात लावला आणि म्हणाली, "अजून कोमट आहे."