ड्रोनराव, जरा खाली उतरा

रा. रा. ड्रोनराव यांस,
मुक्काम पवनाकाठ, तालुका मावळ, जमिनीपासून शंभरेक मीटर वर.

सा. न. वि. वि.

आपली कामगिरी मी हल्ली रोज रात्री जेवणं आटोपली की मोबाइलवर बघत असते. निळंशार पाणी, काठावर ओळीने केशरी तंबू, मागे तिकोना, पलीकडे तुंग, आणि वर गिटार. प्रत्येक कॅम्पवाल्याची जाहिरात आपणच काढता, त्यामुळे सगळेच कॅम्प सारखे देखणे. ठाकूरसईचा कोणता आणि आंबेगावचा कोणता, काही कळत नाही. खाली मजकूरही तोच : 'फॅमिलीसाठी बेस्ट'. आपल्या उंचीवरून फॅमिली आणि कंपनीतल्या पोरांचं टोळकं यांत फरक दिसत नसणार, त्यामुळे आपल्यावर राग नाही.

आमच्या घरात सहलीचं बुकिंग हे खातं माझ्याकडे आहे. ते मला कोणी आणि का दिलं हे आठवत नाही. पण सहल बिघडली की चौकशी समितीसमोर मीच उभी असते. यंदाच्या शिष्टमंडळात गुडघे धरलेल्या सासूबाई आहेत, मध्यरात्री हमखास शू लागणारी पाच वर्षांची पुतणी आहे, 'कुठेतरी शांत ठिकाणी जाऊ' असं वर्षभर म्हणणारे आमचे हे आहेत, आणि शांतता असह्य होऊन पाचव्या मिनिटाला स्पीकर काढणारे भाऊजी आहेत. एवढ्या सगळ्यांना पुण्यापासून दोन तासांच्या आत, तंबूत, आनंदात झोपवायचं आहे. तेव्हा काही शंका.

पहिली : आपण शूटिंग कोणत्या महिन्यात केलंत? पोरीच्या शाळेला सुट्टी मे महिन्यात. आपल्या फितीतलं पाणी मात्र तंबूच्या दाराला लागलेलं, म्हणजे पाऊस सरल्यानंतरचं, भरल्या धरणाचं. हे पाणी पिंपरी-चिंचवडची तहान भागवायला आहे, आमच्या सेल्फीसाठी नव्हे. उन्हाळ्यात ते इतकं उतरतं की वर्षातले बरेच महिने पाण्याखाली असणारं शिळिंबजवळचं वाघेश्वराचं जुनं देऊळ उघडं पडतं. देवदर्शनाला छान. पण ज्या तंबूसाठी आम्ही 'लेक टच' म्हणून जादा पैसे मोजले, त्याच्यापुढे तोवर भेगाळलेल्या गाळाचं मैदान असतं. आणि धरण भरलेलं असतं तेव्हाची गोष्ट वेगळीच. त्या निळाईखाली एके काळची शेतं आहेत, त्यांचे बांध आहेत, गाळ आहे. घोट्याएवढं पाणी कुठे संपतं आणि बुडण्याएवढं कुठे सुरू होतं, हे वरून कळत नाही, सगळं एकाच रंगाचं दिसतं. काठाला कुंपण आहे का, पाच वर्षांच्या मुलीच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का (मोठ्यांचं असतं, ते तिच्या डोक्यावरून निघून येतं), हे आपण कधी टिपलं नाहीत. मी फोनवर विचारलं. 'काही काळजी करू नका मॅडम, आमची मुलं लक्ष ठेवतात.' मुलं किती, विचारलं तर फोनला रेंज गेली.

दुसरी शंका जरा नाजूक आहे. आपल्या एकाही फितीत संडास नाही.

'आहे ना मॅडम, वेस्टर्न आहे,' असं सगळेच सांगतात. अहो, प्रश्न कमोडचा नाही, वाटेचा आहे. धरणाकाठची जमीन उताराची. तंबू खाली पाण्याजवळ, कारण भाव तिथे मिळतो. संडास वर रस्त्याच्या बाजूला, कारण पाण्याचा टँकर तिथवरच येतो. मधे मातीत कोरलेल्या पायऱ्या : एक वीतभर, पुढची गुडघाभर, तिसरी दवाने निसरडी. झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या असतात, पण झाडाला रात्री कुठे जायचं नसतं, वाटेवर अंधारच. त्या वाटेत शेजारच्या तंबूचे ताण आडवे, काळ्या दोरीचे. आता रात्री अडीच वाजताचा देखावा डोळ्यांपुढे आणा. पोरगी अर्धवट झोपेत कडेवर, एका हातात मोबाइलची बॅटरी, दुसऱ्या हाताला सासूबाई, कारण 'आता उठलेच आहेस तर मलाही ने'. तंबूची चेन उघडायला तिसरा हात मी कुठून आणायचा? 'चार जणांचा' म्हणून दिलेल्या तंबूत आम्ही काडेपेटीतल्या काड्यांसारखे पडलेले, त्यामुळे बाहेर पडताना यांच्या पोटावर पाय पडणार. हे जागे झाले की विचारणार, 'झालं का समाधान?'

म्हणून कॅम्प बघायचा तर मी आधी तंबू ते संडास किती पावलं, वाटेत दिवे किती, कठडा आहे का, हे विचारते. सांडपाणी शोषखड्ड्यात जातं की उताराने खाली, हेही विचारते. या प्रश्नाने कॅम्पवाले दुखावतात. पिंपरी-चिंचवडच्या मंडळींनी तरी तो जरूर विचारावा. शनिवारी इकडून जे उतारावरून जाईल त्याची गाठ पुढे घरच्या नळाला पडायची.

आता शांततेचं. माझी नणंद कॅलिफोर्नियात असते. तिथल्या सरकारी उद्यानांच्या कॅम्पांत रात्री १० ते सकाळी ६ आवाज बंद, जनरेटरसुद्धा सकाळी १० ते रात्री ८ एवढ्याच वेळात. हे ऐकून भाऊजींनी सुस्कारा सोडला, 'तिकडे शिस्त आहे हो!' भाऊजी, आपल्याकडे २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत आणि त्यांतही उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला रात्री १० ते सकाळी ६ बंदीच आहे. घड्याळसुद्धा तेच. शिस्तीचं एवढं कौतुक असेल तर स्पीकर घरी ठेवा. कॅम्पवाल्यांचं उत्तर मात्र सुंदर होतं : 'आम्ही दहाला बंद करतो मॅडम, पण बाजूचा कॅम्प आपला नाही.' रात्री पाण्यालगतची हवा गार झाली की आवाज पाण्यावरून लांबवर पोचतो. बाजूचाच काय, पलीकडच्या काठावरचा 'हॅपी बर्थडे'सुद्धा आपल्याच तंबूत साजरा होतो. गारव्यावरून आठवलं : थंडीत कोणी मायेने कोळशाची शेगडी तंबूत सरकवली तर ती मात्र ताबडतोब बाहेर काढायची. बंद तंबूत कोळशाचा विषारी वायू साठतो, आणि त्याला वास नसतो.

भाऊजींनी मग तोडगा काढला : भाड्याने कॅराव्हॅन घेऊ, संडास आपल्याबरोबरच येईल. राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलंय म्हणे. तोडगा बिनतोड होता, पण गाडीतला संडासही कुठेतरी रिकामा करावाच लागतो. त्यासाठी मैल्याची टाकी उपसायची सोय हवी, विजेची जोडणी हवी, नळ हवा, आणि सासूबाई रात्री खाटेवरून घरंगळू नयेत म्हणून सपाट, टणक जागा हवी. पवनानगरपर्यंत गाडी सुखाने येईल. पुढे काठाकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटेवर समोरून दुधाचा टेम्पो आला तर मागे कोण जाणार? मी सगळं सविस्तर विचारलं. उत्तर : 'पार्किंग आहे ना मॅडम, फ्री आहे.'

एक मात्र कळलं. बुकिंग घेणारा आवाज बहुतेक शहरातला असतो; त्याने तो काठ आपल्याच नजरेने, म्हणजे वरून, पाहिलेला. 'स्वयंपाक कोण करतं त्यांना फोन द्या' म्हटलं, आणि गावातल्या एक काकू फोनवर आल्या. दोन वाक्यांत मोकळ्या झाल्या. 'म्हातारं माणूस हाय का? मग खालचा तंबू घेऊ नगा, वरचा घ्या, आमच्या चुलीपाशी. पाणी काय, तितनंबी दिसतंय.' जाहिरातीत वरच्या तंबूंचा फोटो नाही. ते स्वस्त आहेत.

तर ड्रोनराव, आपल्याकडे एकच काम आहे. एखाद्या शनिवारी रात्री अडीचला खाली या. चार फुटांवर तरंगत काकूंच्या चुलीजवळच्या तंबूपासून संडासापर्यंत सावकाश जा, आणि तसेच परत या. गिटार नको, मूळ आवाज राहू द्या. ती फीत पाठवलीत की मी त्याच दिवशी आगाऊ रक्कम भरते.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली,
बुकिंग खातेप्रमुख

ता. क. : येताना तंबूचे ताण सांभाळा. दोरी काळी असते, पंखा अडकेल.