अरण्यनाना

झाशीच्या मानिक चौकात भर गर्दीत कोणी तुमचा दंड धरून "पाच मिलिमीटर की सहा?" असं विचारलं, तर गडबडू नका. ते अरण्यनाना. त्यांना पात्याची जाडी म्हणायची असते.

असा एक नाना हल्ली प्रत्येक मराठी वस्तीत निघतो, पण झाशीचा नमुना अस्सल. पूर्वज झाशीच्या राजघराण्याच्या, म्हणजे नेवाळकरांच्या, पदरी कारकून, स्वतः रेल्वेच्या हिशेबखात्यातून निवृत्त. घराण्यात वंशपरंपरा चालत आली ती दऊत, तलवार नाही, हे शल्य. म्हणून नाना जंगलात जाणार आहेत. तंबू ठोकणार, फांद्या छाटणार, ओंडके फोडून शेकोटी पेटवणार. त्यासाठी एकच दणकट सुरी हवी, आणि सगळं अरण्य त्या सुरीपाशी अडलंय.

ज्ञान मात्र पक्कं. कार्बनचं पोलाद घाव सोसतं, पण पावसाळ्यात गंजतं. स्टेनलेस गंजाला दाद देत नाही, पण जोराच्या घावाला धारेचा टवका उडायची भीती. पातं मुठीतून शेवटपर्यंत सलग हवं, नाहीतर ओंडक्यावर ठेवून वरून सोट्याने ठोकताना मूठ आपल्या हातात आणि पातं लाकडात. जाड पातं लाकूड फोडतं, पण कांदा चिरायला घेतला तर तोही फोडतं. हे सारं नाना चाटवाल्यासमोर उभं राहून सांगतात. त्यांच्या हातवाऱ्यांमुळे तिथलं गिऱ्हाईक आपोआप दोन पावलं मागे सरतं.

'नेसमुक' या टोपणनावाने लिहिणाऱ्या जॉर्ज सीअर्स या अमेरिकन भटक्याने १८८४ सालच्या 'वुडक्राफ्ट'मध्ये हा प्रश्न निकालात काढलाय: एक लहान कुऱ्हाड, एक पातळ पात्याची सुरी आणि खिशात एक मिटता चाकू. नानांना हे पुस्तक आवडलं नाही. त्यात उत्तर आहे.

मध्यंतरी खुकरी जवळजवळ ठरली होती. वजन पुढे, म्हणून घाव खोल. तेवढ्यात वकील भाच्याने २०१६ चे शस्त्रनियम काढले. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला सरकारने जाहीर केलेल्या भागांत परवाना लागतो, आणि नियमांतल्या शस्त्रांच्या यादीत खुकरी नाव घेऊन बसलीय. घरकामाची आणि शेतीची अवजारं मात्र वगळलेली.

"म्हणजे ऊसतोडीचा कोयता चालतो, आणि माझी खुकरी नाही?"

"कोयत्याला ऊस असतो, नाना. तुमचा ऊस कुठाय?"

मग नाना रस्त्याकडेला पाल टाकलेल्या गाडिया लोहाराकडे गेले. ही मंडळी चितोडचा गड पडल्यावर घरदार सोडल्याची कथा सांगतात, त्यामुळे नानांना तिथे इतिहासही भेटला. ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून हवं तसं पातं काढून, पाणी पाजून देतो, असं लोहार म्हणाला. नानांनी हिशेबाच्या वहीतली आकृती पुढे केली. लोहाराने ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "काटना क्या है?"

रेल्वेच्या ऑडिटलाही न डगमगलेले नाना इथे अडखळले. शेवटी म्हणाले, "सब कुछ।"

"तो कुल्हाड़ी ले जाओ।"

नाना वही मिटून परतले. घरी काकू म्हणाल्या, "'माझा प्रवास' लिहिणारे गोडसे भटजी सत्तावनच्या गदराच्या धामधुमीतून गंगेच्या कावडी घेऊन वरसईला पोचले. त्यांनी कोणतं पोलाद नेलं होतं?" नानांनी याला अवांतर म्हटलं.

खरा घाव भाच्यानेच घातला. जायचं कुठे, तर ओरछ्याला. करधईचं जंगल, बेतवेचा काठ, झाशीहून हाकेच्या अंतरावर. पण ते अभयारण्य. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तिथे लेखी परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, आणि हत्याराच्या व्याख्येत सुऱ्याही आहेत. ज्या जंगलासाठी सुरी, तिथेच तिला दार बंद! आम्ही नानांना सावरायला पुढे झालो, तर त्यांचा चेहरा उजळलेला. आता अभयारण्याबाहेरची जंगलं अभ्यासायला हवीत, तिथल्या लाकडाचा कठीणपणा पाहायला हवा, त्यावरून पुन्हा पोलाद. ज्याला काम असतं त्याची सुरी दोन मिनिटांत ठरते. नानांना काम नको होतं, हे त्या दिवशी कळलं.

अखेर या दिवाळीत निर्णय झाला. लांबी साडेआठ इंच, जाडी साडेपाच मिलिमीटर, म्हणजे पाचवाले आणि सहावाले दोघेही नाराज. पण सुरी घेण्याआधी धारेचा दगड हवा. तो चारशे नंबरचा की हजाराचा, पाण्याचा की तेलाचा? यावर फराळापर्यंत खल चालला. काकूंनी तोवर आपली स्वयंपाकाची सुरी अंगणातल्या पायरीवर चार वेळा घासली आणि भोपळा चिरायला घेतला.

नाना उठले, पायरीवरून अंगठा फिरवला आणि वही उघडून म्हणाले, "हा किती नंबरचा?"