बिगरसरकारी काम, पंधरा वर्षे थांब

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण ज्याला सुचली, तो बहुधा तहसील कचेरीच्या बाकावर बसलेला असणार. न्यूयॉर्कला जायचा योग आला असता, तर त्याने आकडा बदलला असता. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात एक समिती बसते. सदस्य 19, आणि सगळीच्या सगळी सरकारे. त्यांच्याकडे काम असे की, दारात अर्ज घेऊन उभी असलेली संस्था खरोखर बिगरसरकारी आहे का, याची खातरजमा करायची. मांजरांनी एकत्र बसून उंदराला उंदीर असल्याचा दाखला द्यावा, तशी ही सोय.

सोय जुनी आहे. 1945 साली सॅन फ्रान्सिस्कोला सनदेचा मसुदा ठरत होता, तेव्हा अमेरिकी शिष्टमंडळाने 42 संघटनांचे प्रतिनिधी सल्लागार म्हणून बरोबर नेले होते. सनदेत कलम 71 आले. त्यानुसार आर्थिक व सामाजिक परिषद बिगरसरकारी संघटनांशी सल्लामसलतीची व्यवस्था करू शकते. ‘करू शकते’, ‘करील’ नव्हे. ज्यांनी सरकारी परिपत्रके वाचण्यात हयात घालवली, त्यांना या दोन क्रियापदांमधले अंतर वेगळे सांगायला नको.

आज सहा हजारांहून अधिक संस्थांना हा ‘सल्लागार दर्जा’ आहे. दर्जा म्हणजे काय? इमारतीत शिरायचा पास, लेखी निवेदन देण्याची मुभा, आणि जिनिव्हाच्या मानवाधिकार परिषदेत बोलायला साधारण दीड मिनिट. आपल्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला याहून जास्त वेळ माइक मिळतो. तरीही त्या दीड मिनिटाची धास्ती मोठमोठ्या राष्ट्रांना वाटते, आणि ती अनाठायी नाही. समोर राजदूत बसलेला असतो आणि बोललेले इतिवृत्तात जाते.

म्हणून समितीने एक नामी युक्ती काढली आहे. नाही म्हणायचे नाही, प्रश्न विचारायचा. कोणत्याही एका सदस्याने प्रश्न विचारला की अर्ज पुढच्या बैठकीवर. खर्चाचा तपशील द्या. भागीदार संस्था कोण ते सांगा. चीनचा लाडका प्रश्न संकेतस्थळावर तैवानचा उल्लेख कसा केला आहे, हा. संस्था काम मलेरियावर करत असली तरी हरकत नाही.

या खेळातला विक्रम मात्र आपला आहे, याचा अभिमान बाळगायला हवा. जातिभेदाविरुद्ध काम करणाऱ्या, कोपनहेगनमध्ये कार्यालय असलेल्या ‘इंटरनॅशनल दलित सॉलिडॅरिटी नेटवर्क’चा अर्ज 2008 साली समितीपुढे आला. पहिला प्रश्न आला, उत्तर गेले. दुसरा आला, उत्तर गेले. अशी लेखी प्रश्नांची शंभरी ओलांडली, आणि प्रश्न विचारणारा देश एकच, भारत. ज्या देशाच्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केल्याचे जाहीर केले, त्याच देशाला या संस्थेबद्दल एवढे कुतूहल का वाटावे, हा एकशेएकावा प्रश्न तेवढा कुणी विचारला नाही. अखेर डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने विषय समितीला वळसा घालून थेट तिच्या वरच्या आर्थिक व सामाजिक परिषदेत गेला आणि इतर आठ संस्थांबरोबर 24 विरुद्ध 17 मतांनी दर्जा मिळाला. पंधरा वर्षे वाट पाहून दीड मिनिट; म्हणजे वर्षाला सहा सेकंद. भारताने विरोधात मत दिले. प्रश्न बहुधा संपले नव्हते.

पत्रकारांच्या रक्षणासाठी झटणाऱ्या ‘कमिटी टू प्रोटेक्ट जर्नालिस्ट्स’चे नशीब जरा बरे. चार वर्षांत नकार तरी मिळाला. मे 2016 मध्ये सहा मते बाजूने, दहा विरोधात. विरोधकांत चीन, रशिया, क्युबा आणि सुदान. पत्रकार सांभाळण्याचा अनुभव यांच्यापाशी दांडगाच. भारत तटस्थ राहिला. दोनच महिन्यांत परिषदेने तो निर्णय फिरवला.

सरकारांनी स्वतःच काढलेल्या बिगरसरकारी संस्थांची वाट मात्र सुकर असते. इंग्रजीत त्यांना ‘गोंगो’ म्हणतात. नाव ऐकून एखाद्या आफ्रिकी वाद्याची आठवण होईल. आणि वाद्यच ते, वाजवणारा पडद्यामागे. मानवाधिकार परिषदेत आपापल्या देशाचा आढावा निघाला की या संस्था वक्त्यांच्या यादीत पुढे असतात आणि आपापले दीड मिनिट सरकारचे आभार मानण्यात खर्च करतात.

दाराशी ताटकळण्यापेक्षा अंगणातच मांडव घालणारेही निघाले. 1992 साली सहा संस्थांनी भूसुरुंगांविरुद्ध मोहीम उघडली. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतल्या वाटाघाटी रेंगाळल्या, तेव्हा कॅनडाने पुढाकार घेतला आणि डिसेंबर 1997 मध्ये ओटावात बंदीच्या करारावर सह्या झाल्या. त्याच वर्षी मोहिमेला आणि जोडी विल्यम्स यांना शांततेचे नोबेलही मिळाले. अमेरिका, रशिया, चीन आणि भारत यांनी अजून सही केलेली नाही, पण त्यांचे अभिनंदन मनापासून असावे.

आता घरी येऊ. परदेशी देणग्यांवरच्या कायद्यात 2020 साली दुरुस्ती झाल्यापासून अशी देणगी स्वीकारायची तर खाते दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत हवे. गडचिरोलीतल्या दवाखान्यासाठी आलेला पैसा आधी संसदेचे दर्शन घेतो, मग जंगलाकडे वळतो. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही निम्म्यावरून 20 टक्क्यांवर आली. कायदा कडक आहे. तो किती लवचिक आहे, हे पाहायचे तर दुसरे उदाहरण घ्यावे लागते. वेदान्त समूहातल्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन भाजप आणि काँग्रेस दोघांनीही परदेशी देणग्यांवरचा तेव्हाचा कायदा मोडला, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2014 मध्ये म्हटले. एरवी पाण्याच्या पेल्यावरूनही भांडणारे दोन पक्ष एका निकालात शेजारी बसले. मग वित्त विधेयकांतून परदेशी स्रोताची व्याख्याच बदलली, 2018 मध्ये तर थेट 1976 पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने. लोकसभेत त्यावर चर्चा झाली नाही. प्रश्न विचारण्याची सगळी ताकद न्यूयॉर्कला लागत असावी.

आणि तरीही समितीच्या दक्षतेतून एक गृहस्थ निसटले. आंतरराष्ट्रीय कायद्याचे विख्यात अभ्यासक, हार्वर्डचे प्राध्यापक लुई सोन 2006 साली वारले. ‘ईयू डिसइन्फो लॅब’च्या डिसेंबर 2020 च्या अहवालानुसार, 2007 मध्ये ते मानवाधिकार परिषदेच्या अधिवेशनाला हजर असल्याची नोंद सापडते. ज्या संस्थेतर्फे ते आले, तीही कित्येक दशकांपूर्वी मिटली होती. तिला पुन्हा जिवंत केले गेले ते, अहवालाच्या म्हणण्याप्रमाणे, भारताची बाजू मांडणाऱ्या एका जाळ्याचा भाग म्हणून. त्या जाळ्याशी आपला संबंध नसल्याचे भारत सरकारने सांगितले.

आपल्याकडचा निवृत्त मास्तर दर नोव्हेंबरात गुडघे धरत बँकेची पायरी चढतो आणि आपण हयात असल्याचा दाखला देतो. प्राध्यापक सोन यांच्याकडे तो कुणी मागितला नाही.